आमा, भूतान आणि बुरुड राजाचा कोट

आमच्या घरी 'एकदा भूतानला जाऊ' हे वाक्य गेली आठ-नऊ वर्षं नियमितपणे बोललं जायचं. कधी? तर विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धवट टेकून घरी आल्यावर, किंवा रात्री अकरा वाजता 'दहा मिनिटांचा एक छोटा कॉल घेऊ या का?' असा निरोप आल्यावर. बायको म्हणायची, "चल, सोडून दे सगळं, भूतानला जाऊ." मी म्हणायचो, "जाऊ." आणि कॉल घ्यायचो. असो.

शेवटी २०२४ च्या ऑक्टोबरात योग आला. एक मोठी रिलीज पार पडली होती, सुट्ट्या साठल्या होत्या, आणि आमच्या व्यवसायात 'आता नाही गेलो तर पुढची रिलीज येतेच आहे' हे सनातन सत्य आहे. मी लगेच एक्सेल शीट उघडली. दिवसवार तक्ता, अंतरं, खर्च, फोटो काढण्याच्या जागा, सगळं. माणसाला जी विद्या येते ती तो सगळीकडे वापरतो, त्याला इलाज नाही.

आई आमच्याकडेच असते. वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरतात. तिला आठवडाभर मामाकडे सोपाऱ्याला ठेवायचं असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं. जेवताना विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "तिथे डोंगरात देवळं आहेत म्हणे?"

"हो, बौद्ध मठ आहेत."

"मग मी पण येते."

खरं सांगतो, मला मनातून काही फार बरं वाटलं नाही. शीटमधला सर्वात महत्त्वाचा दिवस म्हणजे ताक्त्संगचा, म्हणजे कड्याला चिकटलेल्या त्या प्रसिद्ध मठाचा. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, जाऊन-येऊन पाच-सहा तासांची पायपीट. आई जीवदानीच्या पायऱ्यासुद्धा आता चढत नाही. पण बायको पटकन म्हणाली, "हो आई, चला की." विषय संपला. मी शीटमध्ये माणसं दोनाची तीन केली. आईने निघायच्या आदल्या दिवशी वसईच्या बाजारातून सुकेळ्यांची पाच पुडकी आणली. "कोणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये." मी म्हटलं, "अगं, आपण हॉटेलात उतरणार आहोत, तिथे कोण आपला पाहुणचार करणार आहे?" तिने माझ्याकडे बघितलं आणि पुडकी बॅगेत घातली.

(सुकेळी ठाऊक नसणाऱ्यांसाठी: पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि सुक्या पानात बांधून ठेवतात. वसईची खास वस्तू. दिसायला काहीच नाही, खाल्ल्यावर कळतं.)

मुंबई ते बागडोगरा विमान, तिथून गाडीने चार-एक तासांत जयगांव. जयगांवच्या गर्दीत एक रंगीत कमान आहे. कमानीच्या अलीकडे हॉर्न, रिक्षा, पानाच्या पिचकाऱ्या. पलीकडे फुंटशोलिंग, आणि एकदम शांतता. कोणीतरी म्यूटचं बटण दाबावं तशी. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवून परवाना मिळतो. मात्र सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांनाही दर रात्री माणशी १२०० रुपये 'शाश्वत विकास शुल्क' भरावं लागतं. त्याआधी आपल्याला ते माफ होतं. इतर परदेशी पाहुणे १०० डॉलर भरतात. तीन माणसं, सहा रात्री, म्हणजे २१,६०० रुपये. शीटमध्ये हा आकडा मी लाल केला होता. त्यामागचा हिशोब सरळ आहे: थोडे लोक यावेत, पण जे येतील त्यांनी देशाची किंमत ओळखून यावं.

आणि देश केवढा? लोकसंख्या आठ लाखांच्याही आतच. २०११ च्या जनगणनेत एकट्या वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. म्हणजे आमच्या महानगरपालिकेपेक्षा कमी माणसं असलेला, स्वतःचा राजा, संसद, नाणं आणि घड्याळ (आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे) असलेला हा देश! जमिनीचा किमान ६० टक्के भाग कायम जंगलाखाली राहील अशी अट त्यांनी २००८ च्या राज्यघटनेतच घालून ठेवली आहे. टीव्ही आणि इंटरनेट आले ते १९९९ मध्ये. राजधानी थिंफूच्या मुख्य चौकात सिग्नल नाही. नक्षीदार छत्रीखाली उभा असलेला पोलीस पांढऱ्या हातमोज्यांनी नाचल्यासारखे हात करतो आणि गाड्या ऐकतात. मी अर्धा तास ते बघत उभा होतो. नालासोपारा स्टेशनबाहेर हा प्रयोग केला तर काय होईल याचा विचार मनात आला, तो लगेच काढून टाकला.

पहिल्या दिवशी आमच्या गाईडने आम्हाला मेमोरियल चोर्तेनला नेलं. चोर्तेन म्हणजे तिकडचा स्तूप. तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या स्मरणार्थ १९७४ मध्ये हा बांधला. पांढराशुभ्र, वर सोनेरी कळस. शीटनुसार इथे चाळीस मिनिटं होती. मी फोटोला सुरुवात केली. चोर्तेनभोवती म्हातारी माणसं फिरत होती. पुरुष घो घातलेले, बायका किरा नेसलेल्या, एका हातात जपमाळ, दुसऱ्या हातात फिरवायचं छोटं चक्र. कोणी काठी टेकत, कोणी सुनेचा हात धरून. गाईडने सांगितलं की बरेच जण सकाळी येतात, डबा घेऊन येतात आणि संध्याकाळी घरी जातात. चोर्तेन नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरायचं, म्हणजे आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तसंच.

मी कॅमेऱ्यातून मान वर केली तर आई जागेवर नाही. ती त्या घोळक्यात मिसळून प्रदक्षिणा घालत होती. गुडघे कुरकुरणारी आमची आई! एक, दोन, तीन... मी मोजत राहिलो. सात झाल्यावर ती एका भूतानी आजींच्या शेजारी कट्ट्यावर बसली. त्या आजींना जोंखा सोडून काही येत नसावं, आईला मराठी आणि कामापुरती हिंदी. दोघींच्या काय गप्पा चालल्या होत्या देव जाणे, पण हातवारे करून गुडघ्यांबद्दल बोलणं झालं एवढं लांबूनही कळत होतं. मग आईने पिशवीतून सुकेळ्याचं पुडकं काढलं. आजींनी वास घेतला, एक तुकडा तोंडात टाकला, आणि उरलेलं शेजारणीकडे सरकवलं. दहा मिनिटांत पुडकं संपलं. मोबदल्यात आईच्या हातावर याकच्या दुधाचं दगडासारखं कडक चीज आलं. ते ती हॉटेलवर पोचेपर्यंत चघळत होती.

चाळीस मिनिटांचे दोन तास झाले. मी अस्वस्थ. पण खरी गंमत पुढे आहे. जाताना मी गाईडला विचारलं, "आत काय आहे?"

"सर, या चोर्तेनमध्ये देवतांच्या मूर्ती आहेत, राजांचा फोटो आहे. पण डोंगरात, रस्त्यावर जे छोटे चोर्तेन दिसतात ना, त्यांच्या आत जायला वाट नसते. बांधतानाच आत मंत्रांच्या गुंडाळ्या, अवशेष, मौल्यवान वस्तू ठेवतात, पूजा करतात आणि बंद करतात. मग ते कोणी बघायचं नसतं." जरा थांबून तो म्हणाला, "चोर येतात आणि फोडतात, तो भाग वेगळा. तुमच्याकडे आहेत का असे?"

मी म्हणणार होतो की आहेत ना, सांची आहे, सारनाथ आहे. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "आहे की. आमच्या गावात आहे. बुरुड राजाचा कोट."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. आई सोपाऱ्याची. लहानपणी ती आणि तिच्या मैत्रिणी त्या टेकाडावर चिंचा वेचायला जायच्या. गावातले सगळे त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. कोण हा बुरुड राजा, त्याचा कोट इथे कसा, हे कोणी विचारलं नाही. "पण आत काहीतरी सापडलं होतं म्हणे," आई म्हणाली, "माझे आजोबा सांगायचे. सोन्याची डबी."

गाईड माझ्याकडे बघत होता. मी, जन्मापासून वसई तालुक्यात राहणारा, पंचेचाळिशीकडे आलेला माणूस, दोन हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास करून, २१,६०० रुपये भरून स्तूप बघायला आलो होतो. आणि माझ्या आजोळच्या स्तूपात काय सापडलं ते मला सांगता येईना.

त्या रात्री एमा दात्शी खाऊन (मिरची हा मसाला नसून भाजी आहे असं मानणारे लोक आहेत हे, जपून खावं) मी फोनवर सोपाऱ्याबद्दल वाचत बसलो. दोन वाजले.

तर ऐका. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी सोपाऱ्याला आले. हे मूळचे जुनागढचे. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी देशभर, पार नेपाळपर्यंत हिंडून शिलालेखांचे ठसे घेतले होते. त्यांनी तो कोट मधोमध खणला. विटांच्या त्या डोंगरात एक गोल दगडी पेटी निघाली. पेटीत मधोमध तांब्याची डबी आणि तिच्याभोवती गोलाकार बसवलेल्या बुद्धांच्या आठ ब्राँझ मूर्ती: होऊन गेलेले सात बुद्ध आणि पुढे यायचा आहे तो मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची डबी, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वात आत सोन्याची. आणि सोन्याच्या डबीत? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे हे तुकडे असावेत असं भगवानलालांचं मत होतं. आईच्या आजोबांची सोन्याची डबी खरी होती तर!

आणखी एक गोष्ट. त्या ठेव्यात यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं होतं, म्हणजे साधारण दुसऱ्या शतकातलं. पण मूर्ती त्याच्या कित्येक शतकं नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी स्तूप उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा नीट बंद केला असावा. आमच्या भाषेत सांगायचं तर शेकडो वर्षं चालू असलेल्या सिस्टीमची देखभाल कोणीतरी केली होती, मूळ गाभ्याला धक्का न लावता. (हे ज्यांना जमतं त्यांना मी मानतो.) हा सगळा ठेवा मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी गाडीत मी हे सगळं गाईडला सांगितलं. दोचुलाच्या खिंडीत, १०८ छोट्या चोर्तेनांच्या मधे उभं राहून तो ऐकत होता. मी अशोकाचं नाव काढल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. "सर, राजा अशोक? तुमच्या गावात?" मग म्हणाला, "माझी आजी तीनदा दोर्जे देनला जाऊन आली." दोर्जे देन म्हणजे बोधगया. थंडी पडली की भूतानमधून कितीतरी लोक बोधगयेला जातात. शेत आवरतात, पैसे जमवतात आणि बसने निघतात. त्याच्या आजीने आयुष्यात पाहिलेला परदेश तेवढाच. ताजमहाल नाही, मुंबई नाही. थेट बोधगया आणि परत.

ताक्त्संगच्या दिवशी आई खाली हॉटेलातच थांबली. "तुम्ही जा, मी इथे बसते, मला डोंगर दिसतोय." आम्ही दोघं चढलो. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले अशी श्रद्धा आहे. मठ १६९२ चा, १९९८ मध्ये आगीत जळाला, आणि पुन्हा तसाच बांधून काढला. दारात मोबाईल, कॅमेरा, सगळं जमा करून घेतात. म्हणजे ज्या फोटोसाठी मी शीटमध्ये अख्खा दिवस ठेवला होता तो फक्त लांबूनच निघतो. आत हातात काहीच नाही. लोण्याच्या दिव्यांचा वास, एक तरुण भिक्खू पाठ करतोय, बाकी चिडीचूप. मी पंधरा मिनिटं भिंतीला टेकून नुसता बसलो. पहिली पाच मिनिटं हात खिशाकडे जात होता. नंतर जायचा थांबला.

उतरताना गाईडशी बऱ्याच गप्पा झाल्या. मी विचारलं, "तुम्ही खरंच इतके सुखी असता का?" 'सकल राष्ट्रीय आनंद' ही चौथ्या राजांची १९७० च्या दशकातली कल्पना, तिची कीर्ती आपल्यापर्यंत पोचलेली. तो हसला. त्याची बहीण शिक्षिका होती, आता ऑस्ट्रेलियात पर्थला वृद्धाश्रमात काम करते. त्याच्या वर्गातले निम्मे तिकडेच आहेत. "इथे हवा चांगली आहे सर, नोकरी नाही." दुसरीही एक गोष्ट मला ठाऊक होती, ती मी त्याला विचारली नाही, आणि न विचारल्याचं नंतर वाटत राहिलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषक लोकांपैकी एक लाखाच्या आसपास माणसांना देश सोडावा लागला. ती वर्षानुवर्षं नेपाळमधल्या छावण्यांत राहिली, आणि २००७ नंतर त्यातली बहुतेक अमेरिका आणि इतर देशांत वसवली गेली. सुखी देशाच्या माहितीपत्रकात हे पान नसतं. देश म्हणजे शेवटी माणसंच, आपल्यासारखीच. डोंगर उंच आहेत म्हणून प्रश्न कमी उंचीचे नसतात.

परत आलो. सोमवारपासून कॉल सुरू. भूतानचे आठशे फोटो अजून चाळायचे बाकी होते. पण दोन आठवड्यांनी एका रविवारी सकाळी आईच म्हणाली, "कोटावर जायचं का?"

आमच्या घरापासून रिक्षाने अर्धा तास. परवाना नाही, शुल्क नाही. दाट वस्ती, गॅरेजं, बांधकामं यांच्यामधून गेल्यावर एकदम मोकळी जागा येते, आणि मधे विटांचा तो जुना, खचलेला ढिगारा. पुरातत्त्व खात्याचा फलक. भोवती झाडं. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं: 'बघा, आपल्याकडे कोणाला काही पडलेली नाही, इथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही.' लेखाचा शेवट म्हणून छान होतं ते.

पण तिथे माणसं होती. पांढऱ्या साडीतल्या दोन बायका, एक आजोबा, शाळेतली दोन मुलं. नालासोपारा पूर्वेहून आलेलं कुटुंब. त्यांनी फुलं वाहिली, मेणबत्ती लावली, हात जोडून वंदना म्हटली. आजोबांशी बोललो. ते म्हणाले, गेली तीसेक वर्षं पौर्णिमेच्या आसपास जमेल तसे येतो. बुद्धपौर्णिमेला तर लांबलांबून लोक येतात. डब्या, मूर्ती, भिक्षापात्र, सगळं त्यांना पाठ होतं. वर त्यांनीच मला पूर्णाची गोष्ट सांगितली. हा सोपाऱ्याचा व्यापारी. व्यापारासाठी श्रावस्तीला गेला, तिथे बुद्धाला भेटला, भिक्खू झाला आणि धम्म सांगायला परत आपल्याच मुलखात आला. तिकडची माणसं तापट आहेत, मारतील, असं बुद्धाने सांगून पाहिलं, तरी आला.

म्हणजे 'कोणी जात नाही' हे खोटं होतं. मी जात नव्हतो, एवढंच खरं होतं. या दोन वाक्यांत फार फरक आहे आणि आमच्यासारखे लोक पहिलं वाक्य फार सहज बोलतो.

आजोबांनीच मला शिलालेखांचंही सांगितलं. भगवानलालांना सोपाऱ्याला भाटेला तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा भुईगावला सापडला, १९५६ मध्ये. "त्याच साली बाबासाहेबांनी नागपूरला दीक्षा घेतली," आजोबा म्हणाले. दोन्ही तुकडे आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सोपाऱ्याच्या दगडावर मजकुराचा थोडाच भाग उरला आहे. पण अशोकाने तोच मजकूर गिरनारला आणि इतरत्रही कोरून ठेवला होता, म्हणून पूर्ण लेख कळतो. एकच फाईल अनेक सर्व्हरवर ठेवली की एखादा बंद पडला तरी काम चालतं, हे बावीसशे वर्षांपूर्वी या माणसाला कळलं होतं.

घरी येऊन मी तो आठवा लेख काय म्हणतो ते वाचलं आणि गप्प बसलो. त्याचा विषय चक्क प्रवास आहे! त्यात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रांना जायचे, म्हणजे मौजमजेला, शिकारीला. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो, आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करायचं याची यादीच दिली आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं. वृद्धांना भेटायचं, त्यांची सोय बघायची. खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचं, विचारायचं. आणि या प्रवासात जो आनंद आहे तो दुसऱ्या कशात नाही.

यादीतली एकही गोष्ट 'बघण्याची जागा' नाही. सगळी माणसं आहेत.

मी लॅपटॉपवर ती एक्सेल शीट पुन्हा उघडली. सहा दिवस, एकोणीस ठिकाणं, प्रत्येकापुढे मिनिटं. अव्वल दर्जाची विहारयात्रा. आणि ज्या बाईच्या गुडघ्यांमुळे माझी शीट बिघडेल अशी मला भीती होती, तिने पहिल्याच दिवशी एका पुडक्यात धम्मयात्रा उरकली होती. दान दिलं, वृद्धांना भेटली, गावातल्या माणसांशी बोलली. तिला अशोकाचा लेख ठाऊक नाही. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की कोणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

आणि 'वृद्धांना भेटायचं' यावर माझी नजर जरा जास्त वेळ अडकली. आई आणि मी एकाच घरात राहतो. पण ती चिंचा वेचायला कुठे जायची, तिचे आजोबा काय सांगायचे, हे मला थिंफूत कळलं, तेही एका परक्या माणसाने प्रश्न विचारला म्हणून. चोर्तेनमध्ये आत काय आहे ते मी पहिल्याच दिवशी विचारलं. आईला कधी विचारलं नव्हतं.

आता आम्ही महिन्यातून एखाद्या रविवारी कोटावर जातो. आई फेऱ्या घालते, तब्येतीप्रमाणे तीन, कधी पाच. मी तिच्या बरोबर चालतो, आणि ती बोलते. सोपाऱ्याची विहीर, निर्मळच्या जत्रेला चालत जाणं, तिथली सुकी मासळी, बाबांनी तिला पहिल्यांदा बघितलं तो दिवस. फोन मी घरी ठेवून जातो. इथे तो कोणी जमा करून घेत नाही, त्यामुळे ते आपलं आपल्यालाच करावं लागतं.

गेल्या आठवड्यात गाईडचा निरोप आला. या हिवाळ्यात आजीला चौथ्यांदा दोर्जे देनला नेतोय, तिथून तुमचं सोपारा किती लांब? मी अंतर सांगितलं, गाड्यांची नावं सांगितली आणि लांब पडेल हेही सांगितलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लांब कशाला सांगितलंस? ये म्हणावं. तिला सांग, सुकेळी आणून ठेवते."